बाजूला सारलेलं ताट

कौसल्या आणि मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत शेजारी राहायचो, मध्ये एक भिंत. तिच्या घरातलं निम्मं मला भिंतीतून कळलं, उरलेलं तिने नळावर हंडे भरता भरता सांगितलं.

तिचा नवरा उत्तम गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होता. लग्न दोघांनी आपसांत ठरवलेलं. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली, मग एकदा तो तिला चौपाटीवर घेऊन गेला. भेळ घेतली आणि कागद तिच्यापुढे धरून म्हणाला, "तू खा आधी." कौसल्याच्या माहेरी बायका सगळ्यांच्या मागून जेवायच्या, उरेल ते. तेवढ्या एका बोलण्यावर तिने होकार दिला. पहिली काही वर्षं, गिरणीतली त्याची पाळी कुठलीही असली तरी ती त्याच्यासाठी थांबायची आणि दोघं एका ताटात जेवायची. मूलबाळ झालं नाही. घरात दोघंच.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. आधी सभा, मोर्चे यांत उत्तमचे दिवस गेले. पावसाळा उलटला तसं तेही ओसरलं आणि तो खोलीत बसू लागला. खोली केवढी, तर दोन अंथरुणं घातली की मोरीकडे जायला पाय ठेवायला जागा नाही. कौसल्याला परळच्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम मिळालं. सकाळी जायची, चारला यायची आणि आल्या आल्या स्टोव्ह पेटवायची.

उत्तमने कामावरून तिला कधी बोल लावला नाही. हात तर कधीच उगारला नाही. तो फक्त ताट सारायचा. दोन घास खायचा, मग बोटाने ताट लांब करायचा आणि म्हणायचा, "बस झालं." काय चुकलं विचारलं तर काही नाही. मग कौसल्या त्याची मनधरणी करायची. पिठलं पुन्हा गरम करायची, सुकट भाजून द्यायची. मला तिचा आवाज ऐकू यायचा, "अहो, एक घास तरी घ्या." कधी तो घ्यायचा, बहुतेकदा नाही. त्या दिवसांत भाकरी टाकून देणं जिवावर यायचं. आपली खाऊन झाली की ती त्याचीही खायची. मोरीकडे तोंड करून, भराभर.

संपात सगळी चाळ वाळत चालली होती आणि कौसल्या जाड होत होती. बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, तुला बरा मानवला गं संप. ती हसून घ्यायची. एकदा मात्र उत्तमच बोलला. ती ताट उचलत होती, तो तिच्या दंडाकडे बघत म्हणाला, "माझ्या वाटचं तुझ्याच अंगाला लागतंय."

त्यानंतर घरात तिच्या घशाखाली काही उतरेना. पण कामावरून निघाली की कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबायची, खारी घ्यायची आणि जिन्यात उभ्याने संपवून मगच वर यायची. पोटात काहीतरी असलं की घराकडे पाय उचलतात, असं ती मला म्हणाली. चव लागते का, मी विचारलं. तिला आठवेना.

पुढे तिला चक्कर यायला लागली. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर निघाली. त्यांनी जेवणाच्या वेळा विचारल्या, भूक कधी लागते ते विचारलं. भूक लागली म्हणून आपण शेवटचं कधी जेवलो, तेच कौसल्याला सांगता येईना.

त्या संध्याकाळी उत्तमने ताट सारलं तेव्हा तिने ते झाकून ठेवलं आणि ती त्याच्यासमोर बसून आपलं आपण जेवली. मनधरणी केली नाही. तो वाट बघत राहिला. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी तो मुकाट जेवला, आणि मला वाटलं, सुटली ही.

संप मोडला तरी गिरणीने त्याला परत घेतलंच नाही. काही वर्षांनी प्रभादेवीला एका इमारतीत तो वॉचमन म्हणून लागला. कौसल्या डबा देऊ लागली. घरी तो आता सरळ जेवायचा, पण डबा अर्धा परत यायचा. रोज. अर्धी भाजी, दोन भाकऱ्यांतली एक, बोटही न लावलेली. ती डबा उघडून मोरीपाशी उभी राहायची. टाकायला हात धजायचा नाही, आणि खाल्लं तर साखर वाढायची.

एका रविवारी दुपारी तिने विचारलंच. भिंतीच्या अलीकडे मी तांदूळ निवडत होते.

"तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही का?"

तो म्हणाला, "आवडतं. पण सगळं खाल्लं, तर तुला वाटेल माझं ठीक चाललंय."

"मग काय बिघडलंय ते बोला ना."

"ते बोलता आलं असतं तर जेवलो नसतो का?"

नंतर नुसता भांड्यांचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी कौसल्याने हे मला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. तिला त्याचा राग आला नव्हता, आणि तेच तिला खटकत होतं. इतकी वर्षं ती समजत होती की तो तिच्यावर रुसलाय. रुसवा काढता येतो. याचं काय करायचं, ते तिला कळेना. सोडून जावंसं वाटतं का, मी विचारलं.

"जाऊ कुठे?" ती म्हणाली. "आणि माणूस वाईट असता तर गोष्ट वेगळी."

तिने एवढंच केलं, डब्यात भाकऱ्या कमी केल्या. दोनाच्या जागी एक. त्यातली अर्धी परत येऊ लागली.