गवताखालचा बांध

गेली काही वर्षं मी पालघरच्या पूर्वेकडचे डोंगर आणि गुरचरणं मोजत फिरतोय. राहायला बोईसरला. पहिल्या पाळीचे कामगार कारखान्यांकडे निघतात तेव्हा मी खांद्याला जीपीएसचं यंत्र अडकवून उलट्या दिशेला जातो. गुडघे केव्हाच कुरकुरायला लागलेत. कागदावर उंचीच्या रेषा छान दिसतात. पण त्यातली प्रत्येक रेषा कुणीतरी चढून गेलेलं असतं, आणि तो कुणीतरी मी असतो.

अशाच एका डोंगराचं काम दिवाळीनंतर उरकलं. पाड्यावर म्हातारी माणसंच होती, बाकी सगळे वीटभट्ट्यांवर गेलेले. उतारावर कमरेएवढं वाळलेलं गवत. मी 'गवत, चराई' लिहिलं आणि सुटलो.

पावसाच्या तोंडावर कच्चा नकाशा हरकतींसाठी पंचायतीच्या भिंतीवर लावला, तेव्हा भट्टीवरून नुकतीच परतलेली एक बाई पुढे आली. माझा उतार दाखव म्हणाली. मी बोट ठेवलं.

"तिथं काय लिवलंस?"

"गवत, चराई."

"आमी नसताना आलास तू. दोन साल नागली, वरी केली. आता जमिनीला इसावा दिलाय. पुढल्या साली परत पेरायची हाय. तुजा कागद चराई म्हनला, तर मला कोन पेरू देल?"

मी वैतागलो. चूक माझीच आहे हे कळलं, म्हणून जास्तच. पुन्हा चढणं आलं. ती अनवाणी पुढे, मी धापा टाकत मागे. वर पोचल्यावर तिनं विळ्यानं उरलंसुरलं गवत बाजूला केलं. खाली हातानं रचलेला दगडांचा बांध होता, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्या खेपेला मी त्याच्यावर पाय देऊनच गेलो असणार.

चारही कोपरे मोजले. 'शेती, सध्या पड' अशी दुरुस्ती केली आणि तिला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. मग बांधावर टेकली आणि समोरच्या डोंगराकडे हात केला.

"त्यो माज्या भावाचा. भट्टीवरून आला नाय अजून. तिथं काय लिवलंस?"

तिथंही गवतच लिहिलं होतं, आणि शेजारच्या गावाचा तो नकाशा मी मागच्याच महिन्यात पक्का करून कचेरीत देऊन टाकला होता.