राहून गेलेला वार्निशचा हात

“ये कौन है?” जीएम साहेबांनी भिंतीच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटच्या रिसेप्शनमध्ये आम्ही म्युरल, म्हणजे भिंतभर चित्र, केलं होतं. भट्टी, कामगार, मधोमध मालक. काँट्रॅक्ट माझं होतं. रंगवलं जवळजवळ सगळं सुधाकरने. आर्ट कॉलेजात तो माझा विद्यार्थी. कामगारांच्या गर्दीत त्याने स्वतःचाही चेहरा काढला होता. बाकीचे भट्टीकडे बघत होते, हा एकटा सरळ आपल्याकडे.

हे त्याला मीच शिकवलं होतं. रेनेसान्सच्या आधी इटलीत चित्रकाराची गणती कारागिरांत व्हायची. सांगितलेलं रंगवायचं आणि निघायचं. मग काही जण संतांच्या गर्दीत, कडेला, आपलाच चेहरा काढू लागले. हे मी केलंय, असं सांगणारा. पुढे तर नुसतं स्वतःचंच चित्र काढायची हिंमत आली, आणि राजे त्यांना मानाने बोलावू लागले. वर्गात मी हे फार खुलवून सांगायचो.

साहेबांना म्हणालो, “पेंटर है सर. हटा देंगे.”

“हटाइए. कल उद्घाटन है. पेंटर मालिक के साथ खड़ा रहेगा क्या?”

सुधाकर बाहेर ब्रश धूत होता. त्याला जाऊन सांगितलं. “काहून पुसता सर? तुम्हीच तर शिकवलं.”

“ते इटलीचं होतं. हे सिलतरा आहे.”

तो हसला नाही. मग मी शब्द दिला. चेहऱ्यावर आधी वार्निशचा हात देईन, मग रंग. मधे वार्निश असलं की वरचा रंग पुढे काढता येतो, खालचं चित्र शाबूत राहतं.

“साहेबाची बदली झाली की तुला बाहेर काढू.”

“हव सर,” एवढंच म्हणाला.

वार्निश वाळायला वेळ लागतो. तेवढा मी थांबलो नाही. चेहऱ्यावर थेट भट्टीचा धूर रंगवला. सुधाकरला सांगितलं, वार्निश दिलंय.

मागच्या हिवाळ्यात तो उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडवर कंपनीचं नाव रंगवताना पडला. वाचला नाही. त्याची मुलगी तात्यापाऱ्यात माझ्या घरी आली.

“अंकल, पापा बोलते थे आप उनको बाहर निकालोगे. मुझे देखना है.”

खरं सांगायची हिंमत झाली नाही. नव्या साहेबांनी लगेच परवानगी दिली. मी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून धुरावर फिरवला. आधी करडा रंग आला, मग तपकिरी. एक डोळा क्षणभर दिसला आणि बोळ्यावर आला.

“रुकिए अंकल.” तिने माझा हात धरला. पेंटरचीच पोरगी ती. “वार्निश नहीं लगाया था ना?”

“नाही, बेटा.”

तिने तो बोळा मागून घेतला आणि रुमालात बांधला.

चित्राखालच्या पाटीवर माझं नाव आहे. चित्र सुधाकरचं आहे. झाकायचंच असेल तर आधी वार्निश द्यावं आणि वाळेपर्यंत थांबावं. थांबता येत नसेल तर झाकू नये.