समजा, आईनं माफ केलं नसतं

दप्तरखान्यातल्या त्या फारसी कागदाच्या तळाशी शाईनं काढलेली एक बांगडी होती. लिहिता न येणाऱ्या बाईची ती निशाणी. मला फारसी येत नाही, म्हणून शेजारच्या रझियाआपांना सोबत नेलं होतं. त्यांनी आयुष्यभर ती भाषा शिकवली.

कागद कंपनी सरकारच्या अमदानीतल्या एका खुनाचा होता. शरीयतप्रमाणे, मेलेल्याच्या वारसानं माफ केलं की मारणाऱ्याचा जीव वाचायचा. इथं आईनं मुलाच्या मारेकऱ्याला माफ केलं होतं. बांगडी तिचीच.

"म्हणजे सुटला तो?" मी विचारलं.

"थांब गं." आपांनी चष्मा सारखा केला. "खटला चालवणाऱ्या कंपनीच्या इंग्रज साहेबाला ते पटलं नाही, आणि शरीयत उघड मोडायचीही नव्हती. त्यानं काझींना विचारलंय, समजा या बाईनं माफ केलं नसतं, तर सजा काय? काझींनी लिहिलं, मौत. मग तीच दिली."

मला साहेबाचा राग आला, आणि मुकाट्यानं लिहून देणाऱ्या काझींचाही.

त्या दिवशी कचेरीत दोन आया होत्या तर. एक खरी, समोर उभी असलेली. दुसरी साहेबाच्या एका 'समजा'तून आलेली, आणि ऐकलं गेलं ते तिचंच.

आपांच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे माझं लक्ष सारखं जाऊ लागलं. तिथं बसून ती 'समजा'तली आई अजून म्हणत असेल, नाही, माफ नाही.

आणि तिला तर मुलगा झालाच नव्हता.