तिसऱ्या मजल्यावरची अक्का

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याला मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून घरातल्या घरात चालते, खाली उतरत नाही. मी जळगावला. माझे गुडघे गेलेले, मला जिना चढवत नाही. म्हणजे दोघी जिवंत असून भेट नाही. फोनवर ती रोज विचारायची, "कधी येशी वं?" मी म्हणायची, "वजन उतरू दे."

डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. वजन उतरलं तर गुडघे जिना चढतील. म्हणून होळी झाल्यावर मी चालायला लागले. रोज पहाटे मेहरूणच्या तलावावर, नातवाचे जुने बूट घालून. बाकीच्या बायका बाकावर बसून सुनांची उणीदुणी काढायच्या, मी चालायची. घरी येऊन अर्धीच भाकरी खायची. तरी काटा जागचा हलेना. काटा बिघडला असेल म्हणून सुनेला त्यावर उभं केलं. तिचं बरोबर दाखवलं.

त्याच दिवसांत गल्लीत पापड आणि बिबडे सुरू झाले होते. आमच्याकडे एकीचं वाळवण असलं की सगळ्या जणी पोळपाट-लाटणं घेऊन तिच्याकडे जातात. मला खाली बसता येत नाही, म्हणून मला खुर्ची देतात आणि चव बघायला लावतात. बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजला की पहिली वाटी माझ्या हातात, वर तेलाची धार. "मावशी, मीठ बघा." उडदाचं पीठ कुटून झालं की तेलात बुडवलेली लाटी. "मावशी, तिखट पुरे का?" मी एका घासावर कधी सांगत नाही. घाईने सांगून कुणाचे वर्षाचे पापड बिघडवायचे का?

एकदा सून सोबत आली. घरी परतल्यावर म्हणाली, "आई, आज केवढं खाल्लंत!"

"कुठे खाल्लं? जेवायची आहे मी अजून."

"आणि तो वाट्या भरभरून घाटा?"

"ती चव होती."

ती हसत खालीच बसली. "पहाटे तलावाला फेऱ्या मारायच्या आणि दुपारी गल्लीभर मीठ बघत फिरायचं! कसं उतरेल वजन?"

मला राग आला. तिचं खरं आहे हे कळल्यावर जास्त आला.

चव बघणं बंद केलं. शेजारीण फुगली, "आमच्याच घरचं चालत नाही का, मावशी?" वजन थोडं उतरलं आणि पुन्हा अडून बसलं. डॉक्टर म्हणाले, या वयात हळूहळूच उतरतं. ते तरुण आहेत, त्यांना हळूहळू परवडतं.

मग एका दुपारी अक्काने फोनवर मला आई समजून हाक मारली. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी फोन ठेवला आणि सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले.

भाचा खाली घ्यायला आला. "मावशी, खुर्चीवर बसवून दोघं जण उचलून नेतो."

"कंबर मोडून घ्याल. माझं वजन मला माहीत आहे."

मी पायरीवर बसले, पाठ वरच्या बाजूला केली, हातांनी अंग उचललं आणि बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकत गेले. भाचा पिशवी धरून खालच्या पायरीवर. दुसऱ्या मजल्यावरची बाई दार उघडून म्हणाली, "अगं बाई, आजी पडल्या का?"

"नाही. वर चालले आहे."

वर पोचले तेव्हा अक्का दारात वॉकर धरून उभी होती. निम्मी राहिली होती. माझ्याकडे बघत राहिली. ही आता मला कोण म्हणणार?

मग तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी मला चिडवताना व्हायचं तसं. "कितली जाडी व्हयी गयी वं तू!"

कुणी माझ्या जाडीवरून बोललं की मी एरवी सोडत नाही.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

तिने पुन्हा म्हटलं.