लेकीचं तिकीट आणि दिराचं शेड

नायगावच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत धर्माबादची वाळली मिरची होती आणि डोक्यात एकच गोष्ट. अहमदपुरात दिलेल्या माझ्या लेकीला, शोभाला, माघार घ्यायला लावायची. जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी ती उभी होती आणि समोर कोण, तर तिचाच धाकटा दीर बसवराज. पक्ष एक, घर एक, आडत (धान्याच्या सौद्याचं दुकान) एक. यंदा तिकीट वरून येणार नव्हतं, कार्यकर्तेच चिठ्ठ्या टाकून माणूस निवडणार होते. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण पक्षाचा झेंडा मी मिसरूड फुटायच्या आधीपासून धरलाय. एकाच पक्षातले दोघं भिडले की तिसरा जेवून जातो, हे मला कुणी शिकवायला नको.

नांदेडला गाडी बदलली. लोह्याच्या पुढे चाक खड्ड्यात आदळलं, वरची पिशवी खाली आली आणि मिरची साऱ्या गाडीत पांगली. पुढच्या बाकापासून मागच्यापर्यंत सगळे शिंकायला लागले.

"आजोबा, मिरची हाय का बॉम्ब?" कंडक्टर ओरडला.

"धर्माबादची हाय. शिंक न्हाई आली तर परत घेतो," मी म्हणालो.

शेजारी कॉलेजातले एक मास्तर होते. डोळे पुसत पुसत मिरच्या वेचू लागले. माझं प्रकरण ऐकून म्हणाले, "काका, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडायचा असला की आधी असंच चालतं. एकाच पक्षातले लोक महिनोन् महिने आपसात लढतात. जिंकेल तो पुढं."

"आन् हरलेला?"

"कधी प्रचाराला येतो, कधी रुसून बसतो."

"मग पक्षाचं भलं होतं का वाटोळं?"

"त्यावर तिकडंही भांडणच चालू आहे."

एवढ्या मोठ्या देशालाही ठाऊक नाही म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं.

माळाकोळी मागे पडली. दोन्ही बाजूंना बालाघाटाचे उघडे माळ, खाली काळ्या रानात सोयाबीनच्या गंजी, आणि वर आभाळ भरून आलेलं. काढणीच्या दिवसांत असलं आभाळ म्हणजे हाताशी आलेलं सोयाबीन भिजायची भीती.

अहमदपुरात विहीणबाई दारातच भेटल्या. "शरणार्थ" (आमचा रामराम) झालं. अंगणात दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच पातेल्यातला चहा पीत बसलेले. विहीणबाई म्हणाल्या, "दोन चुली मांडणार न्हाई, सांगून ठेवलंय. भांडायचं तर माझ्याच चहावर भांडा."

शोभाने भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली.

"नाव काढून घे," मी म्हणालो. "घर फुटंल. तू मोठी हाइस. मोठ्यानं सोडायचं असतंय."

"बापू, तुमी आजवर काय सोडलंत?"

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी ताटातली भाकरी मोडली.

दुपारी मंगल कार्यालयात सभा भरली. चिठ्ठ्यांच्या आधी एकमेकांना सवाल करायचे होते. बसवराज उठला. "वहिनी, आपलं घर आडतीचं. सोयाबीन भिजायला लागलं तर तुमी शेतकऱ्याकडून बोलणार का घराकडून?"

शोभा म्हणाली, "भावजी, आपल्या आडतीच्या शेडात व्यापाऱ्याचा माल कुलपात कोरडा, आन् शेतकऱ्याची पोती बाहेर उघड्यावर. मी पहिलं ते कुलूप उघडीन."

शेड बसवराजच सांभाळायचा. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. मी मनात म्हटलं, झालं, घर फुटलं.

चिठ्ठ्या मोजल्या. शोभा निवडून आली. शोभाला हार घालायला बसवराजला शोधलं तर तो नाही, त्याची जीपही नाही. तिकीट आपलंच म्हणून त्या जीपवर त्याने मिशीला पीळ दिलेला स्वतःचा फोटो आधीच चिकटवून घेतला होता.

"गेला समोरच्या पक्षात," कुणीतरी म्हणालं.

घरी आलो. विहीणबाईंनी सकाळीच रांधून ठेवलेली हुग्गी (गव्हाची खीर) चुलीवर तशीच. कुणी ताट घेईना. शोभा उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत राहिली. तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

दिवेलागणीला हॉर्न वाजला. बसवराज आत आला, ओलाचिंब, केसांत पोत्यांचा भुसा.

"कुठं होतास रे?" विहीणबाई ओरडल्या.

"शेड मोकळं करत होतो. व्यापाऱ्याचा माल त्याच्या गोदामात टाकला, बाहेरची पोती आत घेतली."

"आन् सांगून जायला काय झालं होतं?"

"आभाळ थांबलं असतं व्हय? आन् वहिनीनं आज घरच्या सभेत हाणलं, तेच समोरच्यानं उद्या चौकात हाणलं असतं." त्याने खिशातून कुलूप काढून शोभाच्या हातावर ठेवलं. "घ्या. जीपवरचा फोटो मातर काढणार न्हाई."

"राहू द्या भावजी," डोळे पुसत शोभा म्हणाली. "मिशीला मतं जास्त पडतेत."

मी ताट पुढं ओढलं. हुग्गी दोनदा मागून घेतली.

सकाळी स्टँडवर जाताना वाट वाकडी करून मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) गेलो. शेडाखाली एक म्हातारा आपल्या कोरड्या पोत्यांना पाठ लावून बिडी ओढत बसला होता. बाहेर पाणी साचलेलं. मी त्याच्याकडे बघून स्टँडची वाट धरली.

एका घरातून दोघांनी उभं राहू नये, हे माझं म्हणणं अजूनही मी सोडलेलं नाही. पण नायगावला उतरलो तेव्हा पारावरच्यांनी विचारलं, "कोण जिंकलं?" आणि मी आधी हरलेल्याचंच सांगायला लागलो.