माझ्या नंबरचे मुखेडचे मालक

लोह्यात कॉम्प्युटर कळणारी माणसं पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही, हे कळायला मला मुलगी बारावी पास व्हावी लागली.

माझा फोटो स्टुडिओ आहे. दुकानात कॉम्प्युटर आहे आणि त्यात मी नवरदेवांना गोरं करतो. त्यामुळे आपल्याला सगळं येतं, असा माझा (आणि फक्त माझाच) समज होता. प्राजक्ताचा नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा कॉलेजातले क्लार्क म्हणाले, "शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरा. मंजूर झाला तर निम्मी फी माफ. नाही भरला तर सगळी तुम्ही भरा." सगळी फी भरायची म्हणजे अख्ख्या लोह्यानं माझ्याकडे येऊन दोनदोनदा पासपोर्ट फोटो काढायला हवे होते!

"नेट कॅफेतल्या पोराकडून भरून घ्या," माझी बायको सुनंदा म्हणाली. "शंभर रुपये घेतो, पण काम करतो."

"स्वतःच्या दुकानात कॉम्प्युटर असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मी फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर फोटो जोडायचा होता. अरे, हे तर आपलं घरचं काम! प्राजूला खुर्चीत बसवलं, दोन्ही लाइट लावले, हनुवटी जरा खाली घ्यायला लावली आणि असा फोटो काढला की स्थळं यावीत. पोर्टल म्हणालं, 'फोटोचा आकार जास्त आहे.' लहान केला. म्हणालं, 'फोटो अस्पष्ट आहे.' मोठा केला. जास्त आहे! लहान केला. अस्पष्ट आहे! दुकान काढल्यापासून माझा फोटो कुणी परत केला नव्हता. (एका नवरीनं केला होता, पण त्यात नवरा तिला आवडला नव्हता.) शेवटी प्राजूनं स्वतःच्या मोबाइलवर, मागं वाळत घातलेला टॉवेल दिसत असताना, एक फोटो काढला. पोर्टलनं तो आनंदानं घेतला.

या भानगडीत मुदतीचा शेवटचा दिवस उद्यावर आला. आणि मग पडद्यावर आलं, 'आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.'

आम्ही घरातले सगळे मोबाइल दुकानाच्या काउंटरवर मांडून त्यांच्याकडे बघत बसलो. एकही वाजेना. प्राजूनं पडद्यावरचे शेवटचे आकडे वाचले आणि म्हणाली, "पप्पा, हा तर तुमचा जुना नंबर!"

तो नंबर मी केव्हाच सोडला होता. नव्या सिमवर फुकट नेट मिळत होतं आणि जुन्यावर माझा विमा एजंट मेहुणा मिळत होता. पण सोडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी स्वतःच्याच नंबरला फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"कोण हाय?"

आता काय सांगावं? मी खरं तेच सांगितलं, "मी मालक बोलतोय. जुना मालक."

"कुठला मालक? आमचे मालक हितं बाजूला बसलेत!"

"अहो ताई, तसं नाही! तुमच्या आधी हा नंबर..." फोन कट.

मी कपाळावर हात मारतो तोवर त्याच नंबरावरून फोन आला. या वेळी घोगरा पुरुषी आवाज. "कोण रे तू मालक?"

"दादा, गैरसमज होतोय. मला फक्त तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी पाहिजे."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

"असं व्हय! आधी मालक म्हनतो, मंग ओटीपी मागतो! मुखेडला ये. कासऱ्याचं दुकान कुनालाबी इचार. दाखवतो तुला मालक!"

"केव्हा येऊ?" मी विचारलं. घाईत दुसरं काही सुचलं नाही.

फोन ठेवून मी म्हणालो, "मारायला बोलावतोय." सुनंदा म्हणाली, "बोलावलंय ना? मग जा. पोरीला घेऊन जा, पोरीसमोर कमी मारतील."

सकाळच्या एसटीनं आम्ही मुखेडला उतरलो. दुकान सापडलं. दारात कासरे, दावी, वेसणी लोंबकळत होत्या आणि आत एक दणकट मिशीवाले गृहस्थ कासऱ्याला गाठी मारत बसले होते. हे मारुतराव. त्या वेळी मला जगातल्या सगळ्या दोऱ्या एकाच कामासाठी बनवल्यासारख्या वाटल्या. शेजारी पोत्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नी गंगाबाई, हातात आपला बटणांचा मोबाइल घेऊन.

"नमस्कार," मी प्राजूच्या मागून म्हणालो. "मी लोह्याचा. फोटो स्टुडिओवाला."

गंगाबाई टुणकन उठल्या. "अगं बया! फोटोवाले तुमीच व्हय? अवो, हे फोटोवाले!"

"ते फोटोवाले?" मारुतरावांच्या हातातला कासरा खाली आला.

मला काही कळेना. मग उलगडा झाला. फोटोची पाकिटं मी एकदाच पोतंभर छापून घेतली होती. नंबर बदलला, पण पाकिटं संपेनात म्हणून तीच देत राहिलो. तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं मुखेडला फोन करून विचारत होती, आमचे फोटो झाले का?

"मग तुम्ही काय सांगायच्या?" मी घाबरत विचारलं.

"आधी म्हनायची राँग नंबर. पर मान्सं आयकंनात. मंग म्हनायला लागले, न्हाई झाले, उद्या या."

मी पण नेमकं तेच सांगत आलो होतो! म्हणजे इतकी वर्षं माझं दुकान दोन गावांतून एकसारखं चालत होतं.

आता गंगाबाईंची चौकशी सुरू झाली. किती दिवस साठली होती कोण जाणे! "तुमचं शिलेंडर लई दिस कसं काय पुरतं? बुकिंगचा मेसेज मला येतो. सैपाक करत न्हाईत का?" मग प्राजूकडे वळून, "आन् तू, माय, धाव्वीला असताना साळंत कामून जायची न्हाईस? सारखा मेसेज यायचा, तुमचा पाल्य आज गैरहजर. मला वाटलं, लेकरू आजारी हाय. नवस बोलले होते म्या!"

मी प्राजूकडे बघितलं. ती कासऱ्यांचे रंग बघत होती. "त्याचं घरी बोलू, पप्पा," ती म्हणाली.

चहा आला. तो पिताना प्राजूनं नेट कॅफेतल्या शंभर रुपयेवाल्या पोरापासून फॉर्मची सगळी हकीकत सांगितली. मारुतराव मात्र अजून सावध होते. "टीव्हीवर सांगतेत, ओटीपी कुनाला देऊ नका. तुमी तेच हाव कशावरून?"

"थांबा, मी इचारते," गंगाबाई म्हणाल्या. "पोरी, धाव्वीला किती पडले?"

"एक्क्याण्णव टक्के."

"बराबर! मेसेज आलता, तुमच्या पाल्याचं अभिनंदन. म्या गल्लीत साखर वाटली तवा. लोक इचारायचे, कुनाची पोरगी? म्या म्हनायची, हाय आमच्या नंबरातली."

दहावीच्या निकालाला आम्ही घरी फक्त जिलबी आणली होती. शेजाऱ्यांना दिली नव्हती.

प्राजूनं मोबाइलवर फॉर्म उघडला, बटण दाबलं. आम्ही चौघंही गंगाबाईंच्या मोबाइलवर वाकलो. काही नाही. परत दाबलं. मग त्यावर एक बारकं पाकीट लुकलुकायला लागलं. मेसेजची जागा भरली होती! गंगाबाईंनी पहिल्या दिवसापासूनचा एकही मेसेज पुसला नव्हता.

"पुसा ना ताई, एखादा पुसा!"

"असं कसं पुसू? वाचून बगते." त्या एकेक वाचायला लागल्या. "हे शिलेंडरचं. ऱ्हाऊ द्या, तारीख लागंल. हे तुमच्या मेव्हन्याचं, विम्याचा हप्ता भरा..."

"पुसा! तो आधी पुसा!" मी ओरडलो.

मेहुणा गेला आणि टिंग करून ओटीपी आला. (आयुष्यात तो पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला, तोही पुसल्यावर.) मारुतरावांनी मोबाइल लांब धरून आकडे वाचले, "त्रेचाळीस... एकोनसत्तर... अठरा."

"पप्पा, एकोणसत्तर म्हणजे?" इंग्रजी शाळेतल्या माझ्या मुलीनं विचारलं.

"सेव्हन्टी नाइन!" मी ठणकावून सांगितलं.

ओटीपी चुकीचा निघाला. दुसरा मागवला. त्यात एकोणनव्वद होतं. मी म्हणालो, "नाइन्टी नाइन!" तोही चुकला. पोर्टलनं बजावलं, आता एकच संधी. प्राजूनं माझ्या हातातला कप घेऊन परत माझ्याच हातात दिला, म्हणजे मी तो धरून गप्प बसावं. मग मारुतरावांच्या हातातून मोबाइल घेतला आणि तिसरा ओटीपी स्वतः बघून टाकला.

हिरवी खूण आली. फॉर्म गेला! गंगाबाईंनी प्राजूच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मारुतरावांनी मला एक दावं भेट दिलं. आमच्याकडे जनावर नाही, पण घेतलं.

पुढच्याच आठवड्यात आधारचा नंबर बदलून घेतला. दिवाळीनंतर शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्राजू सुट्टीत घरी आली होती. तिनं दुकानातूनच मुखेडला फोन लावला, स्पीकरवर. गिऱ्हाइकं होती, पण म्हटलं, ऐकू देत त्यांनाही, मुलीचं कौतुक आहे.

"मावशी, मंजूर झालं!"

"गुनाची माझी बाय! आता दर साली भरावा लागतो का गं ह्यो फॉरम?"

"हो मावशी, दर वर्षी."

"मंग आयक. फुडच्या टायमाला ह्या फोटोवाल्याला घरी ठेव आन् त्या शंभर रुपयवाल्या पोराकडं जा!"