आमचे साडू बँकॉक बघतात

जगात जे जे बघण्यासारखं म्हणून छापलेलं असतं, त्यातलं एकही न बघता सगळ्यात जास्त जग बघितलेला माणूस म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. राहायला गंगापूर रोडला, नोकरी सरकारी कचेरीत, आणि रविवार आला की पायांत चपला सरकवून एकटेच एस.टी. स्टँडवर. कुठे जायचं ते तिथे गेल्यावर ठरायचं. समोर उभ्या असलेल्या गाडीत खिडकीची जागा रिकामी दिसली की ती गाडी यांची. नव्वदच्या सुमारास आमचं लग्न झालं, तेव्हा सासुरवाडीने मला पहिली सूचना दिली ती हीच, की थोरल्या जावयांना ‘कुठे जाऊन आलात’ असं जेवायला बसताना विचारू नका, पान गार होतं.

परक्या गावात दाढी करून घ्यायची हा त्यांचा नेम होता, मग सकाळी घरून गुळगुळीत होऊन निघालेले असोत. “अनोळखी माणसाच्या वस्तऱ्याखाली मान दिली की गाव कळतं,” ते म्हणायचे, “आणि गाव वाईट असेल तर फार लवकर कळतं.” एकदा ते नामपूरला कांद्याच्या बाजारात गेले होते. तिथल्या न्हाव्याने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि बुचकळ्यात पडून म्हणाला, “दाढी ते शेच नही, काय करू?” साडू म्हणाले, “साबण तरी लाव. तेवढ्यात बोलून होईल.” हरसूलच्या आठवडे बाजारात तर झाडाखालची खुर्ची बघून हे थेट जाऊन बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. खुर्चीवाला म्हणाला, “दादा, हितं दाढी नाय व्हत. मी दात काढतो.” दुसरा कोणी पळाला असता. साडू उठून शेजारच्या दगडावर बसले आणि बाजार उठेपर्यंत निघालेला एकेक दात त्यांनी डोळे भरून बघितला. एका घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हातही धरून ठेवला म्हणे.

या फिरतीत ताई कधी नसायच्या. साडू घरी आले की त्या पान वाढायच्या आणि ते सांगतील ते ऐकायच्या. बायकोला बरोबर न्यावं असं साडूंना सुचलं नाही आणि ताईंनीही तसं बोलून दाखवलं नाही. मूल नव्हतं, घर लहान होतं. रविवार कसा जात असेल हे आम्हीही कधी त्यांना विचारलं नाही.

साडू निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही दोन्ही जोडपी एका सहलीबरोबर बँकॉकला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बस राजवाड्याकडे निघायला आणि साडू गायब व्हायला एकच गाठ पडली. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली, म्हणजे पाहुणे पायी गेले. माझी बायको रडकुंडीला आली. “भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, भावजींचं कसं होणार गं?”

“त्यांना काही होत नाही,” ताई म्हणाल्या. “तुम्ही जा. मी बसते इथे.”

आम्ही राजवाडा बघून परतलो तेव्हाही ताई दाराकडे तोंड करून काउंटरसमोरच्या सोफ्यावर बसल्या होत्या. दिवे लागायच्या सुमाराला साडू आले. दाढी चकचकीत, मनगटाला मोगऱ्याचा गजरा, चेहऱ्यावर सगळं शहर. चहा येईपर्यंत त्यांना दम नव्हता. आधी ते फुलबाजारात शिरले होते. झेंडूचे ढीग बघून आपण घरीच आहोत असं वाटलं, तिथल्या बायकांशी मराठीत गप्पा मारल्या. “इंग्रजीत बोललो असतो तर दोघांनाही कळलं नसतं,” ते म्हणाले, “मराठीत निदान एकाला तरी कळतं.” मग कालव्यातून होडी चालते, तीत बसले आणि बरीच माणसं उतरली तिथे आपणही उतरले. एका गल्लीत न्हाव्याचं दुकान मिळालं. दाढी झाल्यावरही न्हाव्याने त्यांना उठू दिलं नाही, आतून बायकोकडून फणसाचे गरे मागवून खायला घातले. दुकानाबाहेर एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ होतं आणि देवापुढे लाल सरबताची उघडी बाटली. “आणि बाटलीत नळी,” साडू म्हणाले. “देवाला तोंड लावून प्यायला नको म्हणून.”

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. त्या पुढे सरकून बसल्या होत्या.

“मग संध्याकाळी ते सरबत कोण पितं?”

साडू म्हणाले, “ते नाही बघितलं.”

“न्हाव्याच्या बायकोने ते गरे कशाने कापले? हाताला तेल लावलं होतं का?”

“ती आत होती. मी आत कसा जाणार?”

“मी गेले असते,” ताई म्हणाल्या.

साडूंनी चहाचा कप हातात घेतला, तो तसाच धरून ठेवला. इतकी गावं पालथी घातलेला हा माणूस सगळीकडे उंबऱ्यापर्यंतच जाऊन आला होता. मग त्यांनी विचारलं, “उद्या येतेस?”

“कधी निघायचं?” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं होडीने गेली. आली तेव्हा साडू दमून सोफ्यावर टेकले आणि ताई उभ्यानेच सांगायला लागल्या. न्हाव्याच्या बायकोने त्यांना पहिल्याच मिनिटाला आत नेलं होतं. पाट्यासारखं काही तिच्याकडे नव्हतं, दगडी खलातच सगळा मसाला कुटायचा, तो ताईंनीही कुटून बघितला. आणि ते सरबत संध्याकाळी न्हाव्याच्या नातीने प्यायलं. ताईंनाही घोटभर दिलं. “प्रसादच तो,” त्या म्हणाल्या. “पण फार गोड. देवाला चालतं कसं कोण जाणे.”

त्यानंतर ताई एकही रविवार घरी राहिल्या नाहीत. पेठकडच्या पाड्यांवर भात झोडताना बघायला दोघं गेली, खेड्यापाड्यांच्या जत्रा फिरली. ताईंमुळे साडूंना घरांची मागची दारं दिसायला लागली. गप्पांचा फड आता ताई रंगवायच्या. साडूंना कोणी काही विचारलंच तर म्हणायचे, “तिला विचारा. मी नुसता बरोबर होतो.”

ताई गेल्या त्या काही वर्षांनी, फारसं अंथरूण न धरता. साडू महिनाभर घरात बसले आणि एका रविवारी पुन्हा स्टँडवर गेले. आम्हाला बरं वाटलं. पुढे एकदा भर दुपारी ते मला स्टँडच्या बाकावर बसलेले दिसले. मला वाटलं, गाडीची वाट बघताहेत. पण ते हरसूलहून परत आले होते.

“इतक्या लवकर? आज बाजार नव्हता का?” मी विचारलं.

“होता की. चांगला भरला होता.” त्यांनी बाजूला सरकून मला बसायला जागा केली. “एकट्याचं बघून लवकर होतं हो.”